कावळ्याच्या घरट्यावर पाच नावे चढली त्याची हकीकत

श्रीनृसिंह प्रसन्न.

विद्येच्या राज्यावर मानवत कसब्यात जे अरिष्ट आले, आणि ते कोणत्या हिकमतीने परतले, याचे वर्तमान कित्येक मंडळी कानोकानी सांगतात आणि सांगतेवेळी पदरचे तिखटमीठ लावितात. कोणी म्हणतो लाठ्या चालल्या, कोणी म्हणतो परभणीहून सरकारी स्वारी खासा आली. ऐसे काही जाहले नाही. लाठी चालली नाही, स्वारी आली नाही. एक टोपी मात्र पडली, तीही आपल्या आपण पडली. सबब खरी हकीकत एकवार मुळापासून लिहून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी थापा मारू लागला तर त्यास आवरता येईल, हे मनी आणून लिहिणारा लिहितो. ऐकणारांनी पान-तंबाखू आधीच उरकून घ्यावा, मध्ये उठू नये.

तेसमयी हैदराबादेस निजाम सरकार गादीवर, जिल्हे परभणी, कसबे मानवत, फसली सन तेराशे पन्नास. कापसाची पेठ भरली, जिनाचे भोंगे वाजते, आडतीवर गाड्यांची रांग, ऐसा कसबा मातबर. त्या कसब्यात राजमान्य राजश्री आप्पाराव वकील नांदत होते. देह ठेंगणा, आवाज थोर, आणि मनसुबा आवाजाहून थोर. दिवसा मुन्सफ कचेरीत उर्दूत अर्ज लिहावे, आणि सांजेस घरी येऊन शेरवानी खुंटीस लावावी, आणि मग मराठीत विद्येचे राज्य चालवावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. ते राज्य म्हणजे त्रैमासिक 'दुधनातीर'. त्यात शेतकी, पाऊसपाणी, जुने शिलालेख, गुरांचे आजार, ऐशा विषयांवर शोध करून लिहिलेले निबंध छापावे, आणि ऐकीव गोष्ट एक ओळ छापू नये, ऐसा निर्धार. मराठी अक्षर छापायचे म्हणजे आधी सरकारची परवानगी. ती मिळविताना वकीलसाहेबांच्या जोड्यांचे तळ झिजले, मग मिळाली. त्रैमासिकाची कचेरी म्हणजे आबासाहेब देशमुखांची माडी, कागद म्हणजे जिनवाले चंद्रभानशेठ यांची कृपा, आणि शाई तेवढी वकीलसाहेबांची स्वतःची.

राज्य म्हटले म्हणजे कायदा पाहिजे. मग वकीलसाहेबांनी तीन कलमांची सनद जाहीर केली. कलम पहिले, दुसऱ्याचे लिहिणे आपले म्हणून आणू नये. कलम दुसरे, एकच निबंध दोन ठिकाणी छापण्यास धाडू नये. कलम तिसरे, छापण्यापूर्वी निबंध एका जाणत्या परीक्षकाकडे जावा, परीक्षक लेखकाचा सोयरा नसावा, आणि जाणाऱ्या निबंधावर लेखकाचे नाव नसावे, जेणेकरून नाव पाहून भीड पडू नये. पहिली दोन कलमे चालविली ती कडक चालविली. पानमळ्यावरचा एक निबंध दोन ठिकाणी गेल्याचे उघडकीस आले, आणि तो धाडणारे गृहस्थ खुद्द वकीलसाहेबांचे साडू निघाले, तरी त्यांस वर्षभर बाद केले. आणि त्यापायी कुटुंब कडूबाईसाहेब यांची मर्जी खप्पा होऊन वकीलसाहेबांच्या ताटात कैक दिवस बिनफोडणीचे वरण आले, ते त्यांणी मुकाट्याने गिळले, परंतु सनद मोडली नाही. तिसऱ्या कलमाने मात्र दम काढला. मानवत कसब्यात कोण कोणाचा सोयरा नाही? ज्यास विचारावे त्याची आत्या लेखकाच्या घरी, नाहीतर लेखकाची भाची त्याच्या घरी. अखेर परीक्षक गंगेपार, म्हणजे गोदावरीच्या पलीकडे, शोधावा लागला, आणि गंगाखेडचे दिनकरराव, माणूस एककल्ली, सोयरिकी कमी आणि भांडणे जास्त, ते या कामी पसंत पडले.

आता मोहिमेचे मूळ ऐका. कसब्यातील कन्याशाळेच्या मुख्य शिक्षिका पार्वतीबाई. बाई बोलायला थोड्या आणि पाहायला फार. आपल्या मुलखात समज आहे की कावळ्याने घरटे झाडाच्या पोटात, सावलीस बांधले तर पाऊस दणकून पडणार, आणि शेंड्यावर बांधले तर नद्या कोरड्या राहणार. लहानथोर ते मानतात. बाईंनी मनात आणिले जे, हे खरे असेल तर मोजून दिसले पाहिजे. मग मानवत कसब्यापासून पोखर्णीपर्यंत रानोरान फिरून, लांब वेळूवर खुणा करून, झाडाझाडावरची घरटी बाईंनी मोजली, आणि हे एका साली नव्हे, लागोपाठ कैक साली केले, आणि ऊन म्हटले नाही, वस्तीवरची कुत्री म्हटली नाहीत, आणि मास्तरीणबाईंचे डोके फिरले म्हणून बांधावरची माणसे हसली, तेही मनावर घेतले नाही. मग तहसील कचेरीच्या आवारात पाऊस मोजायचे जे सरकारी नळकांडे आहे, त्याचे आकडे अर्जावर अर्ज करून मिळविले, आणि दोहोंचा ताळा घातला. निष्पन्न काय जाहले? काही नाही. घरट्याचा आणि पावसाचा काडीचाही संबंध निघाला नाही. कावळा आपल्या सोयीने घर बांधतो आणि पाऊस आपल्या मर्जीने पडतो, इतके निघाले. ते बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिले आणि 'कावळ्याचे घरटे आणि मृगाचे पाऊसमान' ऐसा मथळा घालून निबंध वकीलसाहेबांकडे रुजू केला.

वकीलसाहेबांनी तो वाचला आणि खुर्चीत उडी मारली. ऐसा निबंध त्रैमासिकास आजवर मिळाला नव्हता. मग सनदेप्रमाणे वरचे नाव काढून तो गंगेपार रवाना केला, आणि थोड्याच दिवसांत दिनकररावांचा जबाब आला जे, आकडे बळकट आहेत, लिहिणे नेटके आहे, छापावा, आणि ज्याने कोणी लिहिला त्या गृहस्थास माझा रामराम सांगावा. ज्या मनुष्याने जन्मात कोणास चांगले म्हटले नाही त्याचा हा रामराम, सबब वकीलसाहेबांस त्या दिवशी दोन भाकरी अधिक गेल्या.

निबंध पसंत झाल्याची वार्ता पेठेत फुटली, आणि त्यावर नाव नाही हेही फुटले. येथे सनदेस भगदाड होते. नाव कधी काढावे हे कलमात होते; काढलेले नाव परत कोणाचे घालावे हे कलमात नव्हते, कारण ते लिहिण्याची गरज पडेल ऐसे वकीलसाहेबांच्या ध्यानीमनी नव्हते. पेठेने मात्र निबंधाच्या माथ्यावर कोरी जागा पाहिली, आणि आपल्याकडे पुढची जागा कोरी दिसली की तेथे मान कोणाचा, हा सवाल आधी उठतो, तैसा तो उठला.

पहिला हल्ला चंद्रभानशेठ यांचा. त्यांचे म्हणणे ऐसे जे, बाई पोखर्णीस गेल्या त्या आमच्या छकड्यात गेल्या, बैल आमचे, वंगण आमचे, सबब निबंधात आमचा हिस्सा. त्यामागून आश्रुबा आले. हे शेतकरी गृहस्थ, वेशीबाहेर त्यांचा मोठा कडुलिंब. ते म्हणाले, "वकीलसायब, कावळे बसायलेत ते माझ्या लिंबावर. झाड माझ्या बापानं लावलेलं हाय. माझं नाव न्हाई घातलं तर म्या कावळे हुसकून लावीन." आणि तिसरा हल्ला जो आला तो हल्ला नव्हे, हुकूमच. आबासाहेब देशमुखांकडून निरोप आला जे, माडी आमची. आणि कसब्यास पाऊस सांगण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याचा. तरी पाऊसपाण्याचा निबंध आमचे नाव शिरी घेतल्यावाचून निघेल कैसा?

येथे जाणून असावे जे, आबासाहेब देशमुख दर साली अक्षय्य तृतीयेस वाजतगाजत वेशीबाहेर जात, त्याच लिंबावरचे घरटे पाहात, मिशीवर हात फिरवीत आणि साल कैसे जाईल ते जाहीर करीत. कास्तकार ते ऐकून पेरा ठरवीत. यंदा घरटे झाडाच्या पोटात होते आणि आबासाहेबांनी 'दणकून' ऐसे जाहीर केले होते, आणि मृग कोरडा गेला होता, सबब त्यांचा मिजाज नाजूक होता. आणि निबंध त्यांणी वाचला नव्हता. मथळा तेवढा ऐकला, आणि कावळा व पाऊस ही दोन नावे एका ओळीत ऐकून मानले की आपल्याच घराण्याची कीर्ती छापून येते आहे.

वकीलसाहेब पेचात पडले. तिघांसही दुखवावे तर माडी जाते, कागद जातो, कावळे जातात. मग त्यांणी बैठक घातली, आणि जो तोडगा काढिला तो आपल्या मुलखावाचून कोणास सुचला नसता. त्यांणी विचार केला, पोळ्यास वेशीतून बैल कोणत्या क्रमाने निघतात? पहिली जोडी देशमुखांची, मग शेठची, मग कचेरीतल्या मंडळींची, मग गावकऱ्यांची, आणि शेवटी ज्याची त्याची. यात कधी डोके फुटले नाही, तर निबंधातही फुटू नये. येणेप्रमाणे नावे लागली: आबासाहेब पहिले, चंद्रभानशेठ दुसरे, आश्रुबा चौथे, आणि पार्वतीबाई पाचव्या. आणि तिसरे? तिसरे वकीलसाहेबांनी आपलेच घातले, कारण घरचे कार्य असता यजमानाने पंगतीस बसावे यात त्यांस काही गैर वाटले नाही. मग परभणीच्या छापखान्यास कागद रवाना जाहले.

तपासणीचा छापील मजकूर आगगाडीने मानवत रोड ठेसणास आला आणि तेथून घरी आला, तो प्रथम कडूबाईसाहेबांच्या हाती पडला. त्यांस वाचता येत होते, हे वकीलसाहेब वारंवार विसरत. त्यांणी वरून खाली बोट फिरविले आणि म्हणाल्या, "अवो, बाईच्या आधी झाडाच्या मालकाचं नाव हाय की. मग कावळ्याचं कुटं हाय?" वकीलसाहेबांनी डोळे वटारिले, आणि ते कोणी पाहिले नाहीत, कारण कडूबाईसाहेब तोवर चुलीपाशी गेल्या होत्या.

दुसरे दिवशी शाळा सुटतेवेळी पार्वतीबाई माडीवर दाखल जाहल्या. मजकूर पाहिला. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. मग पुसत्या जाहल्या, "आबासाहेबांनी काय मोजलं?" वकीलसाहेब म्हणाले जे, मोजले नाही, परंतु मान आहे. "मान हाय तर नारळ द्या, शेला द्या. केल्याचं नाव कशापायी द्यायलात? आन् वकीलसाहेब, तुमी काय मोजलं?"

 ही तोफ सुटताच वकीलसाहेबांनी भिंतीकडे पाहिले, भिंतीवर त्यांच्याच हातची सनद टांगलेली होती, मग त्यांणी खिडकीकडे पाहिले. बाई पुढे बोलल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही. "रानात लोक हसत होते, तवा ते हसणं एकटीच्या वाट्याला आलं. तवा कुणी म्हणलं न्हाई, बाई, आमाला बी वाटा द्या. आता नाव तेवढं वाटून घ्यायलेत. नाव एकच छापा. न्हाईतर निबंध परत द्या, पेटीत राहील." आणि उतरून गेल्या. पायऱ्यांवर त्यांच्या वहाणा वाजल्या त्या वकीलसाहेबांस बराच वेळ ऐकू येत राहिल्या. मनुष्य पोकळ डौलाचा खरा, परंतु वाईट नव्हे. साडूस बाद करताना छाती पुढे काढली, आणि देशमुखापुढे तीच छाती कोठे गेली, हा विचार त्यांस लागला, आणि त्यांस स्वतःची मोठी लाज वाटली.

लाज वाटली म्हणून तोड निघते ऐसे नाही. आबासाहेबांस तोंडावर नाही म्हणावे तर माडीस कुलूप पडते आणि त्रैमासिक बुडते. त्रैमासिक बुडाले तर बाईंचे नाव छापणार कोठे? आणि चार मंडळी जमवून न्याय करावा, तर सभेस सरकारची परवानगी लागते, आणि कावळ्यासाठी सभा मागितली तर पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब वकिलांस खुळ्यांच्या इस्पितळात धाडतील. ऐसे चिंतेत असता श्रावण लागला आणि मारुतीच्या देवळात पोथी बसली. वकीलसाहेब खांबास टेकून बसले होते. पुढे पाटावर वाचणारा वाचीत होता, आणि ओवी संपली की अर्थ सांगीत होता, आणि एका ठिकाणी अर्थ चुकला तेव्हा मागून एक म्हातारा खाकरला, आणि वाचणाऱ्याने निमूट दुरुस्ती केली. तोच वकीलसाहेब ताठ बसले. पोथीस परवानगी लागत नाही. पोथीच्या पाटावर बसला त्यास अर्थ सांगावाच लागतो. आणि मध्ये उठता येत नाही.

मग सनदेस चौथे कलम जोडिले जे, ज्या ज्या महाशयांचे नाव निबंधावर असेल, त्यांणी त्यांणी छापण्यापूर्वी देवळात पाटावर बसून मानाच्या क्रमाने निबंध वाचावा आणि अर्थ सांगावा, आणि ऐकणाराने शंका विचारावी, आणि शंकेस जबाब देईल त्याचेच नाव राहील. हे कलम घेऊन वकीलसाहेब देशमुखांकडे गेले. आबासाहेबांनी 'मानाच्या क्रमाने' इतके ऐकले, पुढचे ऐकले नाही, आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "म्हंजे पहिलं वाचन आमचं. लय चांगलं काढलंत." पार्वतीबाईंस निरोप गेला. त्यांणी येते म्हणून सांगितले.

ठरल्या दिवशी दोन प्रहर कलता देवळात मुंगीस वाट राहिली नाही. एका बाजूस बायका, एका बाजूस पुरुष, पाटापुढे समई, पाटावर निबंध लाल फडक्यात गुंडाळलेला. अमीनसाहेबांचा जवान गर्दी पाहून चौकशीस आला, परंतु पोथी आहे म्हणताच त्याने बूट काढिले, आणि प्रसाद किती वाजता म्हणून विचारले, आणि मांडी घातली. मग आबासाहेबांची स्वारी आली. डोईस जरीचे पागोटे, खांद्यावर शेला, मिशा नुकत्या कोरलेल्या. पाटावर बसले, फडके सोडिले, गंध लाविले, आणि पोथीच्या चालीवर खड्या आवाजात वाचते जाहले.

आरंभ गोड जाहला. कावळा घर कधी बांधतो, काटक्या कोठून आणितो, मादी अंड्यावर कैशी बसते, हे आबासाहेबांनी सुरात वाचले, आणि प्रत्येक वाक्याअंती मंडळींनी सवयीने "जय हरी" म्हटले. चंद्रभानशेठ डोलू लागले. आश्रुबास आपल्या लिंबाचा उल्लेख येताच भरून आले. मग आबासाहेब पान उलटून पुढे सरकले, सूर तोच, आणि वाचते जाहले जे, अमुक साली घरटे झाडाच्या पोटात असल्याने पाऊस दणकून पडेल ऐसे कसब्यात जाहीर झाले, आणि त्या साली मृग कोरडा गेला आणि आर्द्राही कोरडी गेली. मंडळी म्हणाली, "जय हरी." मग दुसरे साल आले, घरटे शेंड्यावर, भाकीत दुष्काळाचे, आणि दुधना नदीस पूर. "जय हरी," परंतु आवाज निम्मा. तिसरे साल आले तेव्हा मागून कोणी कुजबुजला, "त्याच साली म्या बी ते ऐकून बियाणं उशिरा टाकलं होतं की." आणि आबासाहेबांचा सूर उतरला, आणि बोट ओळीवर थांबले, आणि पुढली ओळ त्यांणी मनात वाचली. ती ओळ ऐसी होती जे, या कसब्यातील एक थोर घराणे दर साली हे भाकीत श्रद्धेने करीत आले आहे, परंतु त्यास आकड्यांचा आधार सापडत नाही.

देवळात समई तडतडली ती सर्वांस ऐकू आली. आबासाहेबांनी मान वर केली. ती मान वर होताना पाहून वकीलसाहेबांनी इतकी खाली घातली की डोईची रुमी टोपी सुटली आणि घरंगळत जवानाच्या बुटापाशी गेली. हीच ती टोपी.

"ह्याचा अर्थ कुणी सांगायचा?" आबासाहेबांनी पुसिले. पाटावर ते होते, अर्थ त्यांणीच सांगावा हे कलम. आणि अर्थ सांगावा तर आपल्याच तोंडाने आपले भाकीत खोटे पाडावे लागते. सबब त्यांणी दुसऱ्या मानकऱ्याकडे पाहिले. चंद्रभानशेठ जागीच अर्धे उठले आणि म्हणाले, "छकडा माझा हाय, पन छकड्यातला इचार माझा न्हाई. माझं नाव काढा." फौजेची एक फळी मोडली म्हणजे बाकीची थांबत नाही. आश्रुबा हात जोडून म्हणाले, "सरकार, झाड माझं. कावळे माझे न्हाईत. त्यांचं त्ये बघून घेतील." मग सर्वांनी वकीलसाहेबांकडे पाहिले. ते बोडक्या डोईने उभे राहिले, आणि कचेरीत कधी निघाला नाही ऐसा बारीक आवाज निघाला. "मी दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. तेवढंच केलं. नाव घातलं ती माझी चूक." बायकांतून कडूबाईसाहेबांनी मान डोलविली, ती त्यांस मोठी कुमक वाटली.

तेव्हा बायकांच्या बाजूने पार्वतीबाई उठल्या. पदर सावरला, पाटापुढे आल्या, आणि म्हणाल्या, "मी लिव्हलंय. अर्थ मी सांगते."

आता देशमुखाने पाट सोडावा की नाही, हा खरा समरप्रसंग. पाट सोडणे म्हणजे पराजय, न सोडणे म्हणजे अर्थ सांगणे.  मग आबासाहेब सावकाश उठले, बाजूस सतरंजीवर बसले, आणि बाई पाटावर बसल्या. त्यांणी सुरात वाचले नाही. साधे सांगितले. कोणते घरटे कोठे होते, केवढे उंच होते, नळकांड्यात किती पाणी जमले, सर्व सांगितले. आबासाहेबांनी शंका विचारण्यास आरंभ केला आणि ती शंकांची फैर सोपी नव्हती. मनुष्य हट्टी होता, मूर्ख नव्हता. "आमचं एक बी साल जुळलं न्हाई का?" "जुळलं. दोन सालं जुळली. ती बी लिव्हलीत, पुढच्या पानावर." "मग दोन धरून का न्हाई चालत?" "न जुळलेली मग कुटं ठेवायची, आबासाहेब?" पुरुषांच्या बाजूस हशा पिकला, तो आबासाहेबांनी नजरेने दाबिला. "आन् तुमचंच मोजमाप चुकलं असंल तर?"

बाई म्हणाल्या, "असंल चुकलं. तुमी मोजा. माझं चुकलेलं निघालं तर मीच कबूल करीन, तसं छापा म्हणून मीच सांगीन."

या बोलण्याने आबासाहेब निरुत्तर जाहले ऐसे पेठेत सांगतात, ते खरे नाही. निरुत्तर होणे त्यांच्या घराण्यात नव्हते. त्यांणी मिशीस पीळ घातला आणि हुकूम फर्माविला, तो जैसाच्या तैसा लिहितो. "ज्याचा अर्थ सांगता येत न्हाई त्याचा मान आमी घेत न्हाई. आमचं नाव काढा. पन ह्याला आमी उत्तर लिवू. औंदाच्या सालापासून घरटी आमी मोजू, आमच्या हातानं. आन् ते उत्तर ह्याच त्रैमासिकात छापायचं."

येथे वकीलसाहेबांनी जे केले त्याची बरोबरी त्यांच्या सबंध वकिलीत नाही. टोपी नव्हती, माडीची किल्ली डोळ्यांपुढे नाचत होती, तरी ते बोलले, "छापू. पण सनदेप्रमाणे. आधी गंगेपार परीक्षकाकडे जाईल. बिननावानं जाईल. नापसंत आलं तर परत येईल."

कसब्यात आबासाहेबांचे काही परत येते हे कोणी ऐकले नव्हते. त्यांणी वकीलसाहेबांस डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. मग म्हणाले, "जाऊ द्या की. आमचं लिवणं नावावाचून ओळखू येतं का, ते तरी कळंल." आणि उठता उठता म्हणाले, "माडीची किल्ली तुमच्यापाशीच ठिवा. आमचं उत्तर छापायला जागा लागंल." मग प्रसाद वाटला, आणि जवानाने दोन वेळा घेतला, आणि अमीनसाहेबांस जबाब दिला जे, पोथी फार रंगली, कावळ्याचा अध्याय होता.

वकीलसाहेबांनी त्याच दिवशी स्वहस्ते चार नावे खोडली. आपले नाव खोडताना हात जरा रेंगाळला, ते लिहिले पाहिजे, कारण रेंगाळला. आणि कागद परभणीस रवाना जाहले, आणि पोळा होऊन गेल्यावर अंक आला. मथळ्याखाली एकच नाव. पार्वतीबाईंनी एक प्रत शाळेत नेली, आणि तिसरीच्या मुलींपुढे ठेवून म्हणाल्या, आज धडा नको, हे वाचा. मुलींनी मथळा अडखळत वाचला, 'पाऊसमान' या शब्दावर दोनदा पडल्या, आणि मग खालचे नाव सर्वांनी एका सुरात, छतापर्यंत जाईल ऐसे वाचले. एक धिटुकली म्हणाली, "बाई, ह्या पार्वतीबाई म्हंजे तुमीच का?" बाई म्हणाल्या, "मीच." इतके म्हणून त्यांणी फळ्याकडे तोंड फिरविले, आणि खडू शोधू लागल्या, जो त्यांच्या हातातच होता. मग तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, पुन्हा एकदा वाचा. मुलींनी पुन्हा वाचले. ते रस्त्यापर्यंत ऐकू आले, आणि रस्त्याने आबासाहेब हातात वेळू घेऊन रानाकडे निघाले होते, त्यांसही ऐकू आले. ते थांबले, पुरते ऐकले, आणि मग चालू लागले.

येणेप्रमाणे फसली सन तेराशे पन्नास, माहे मेहेर, म्हणजे आपल्या श्रावणात, कसबे मानवत येथे पोथीचे समरी नावांची फौज मोडली, आणि ज्या बाईंनी मोजले त्यांचेच नाव निबंधावर कायम होऊन सनदेची फत्ते जाहली. जखमी कोणी नाही. हकीकत जैसी घडली तैसी लिहिली, कमी केले नाही, जास्त केले नाही. बखर संपली म्हणजे लिहिणाराने शेवटास आपले नाव आणि कुळ घालावे ऐसा पूर्वापार रिवाज आहे. परंतु लिहिणाराने घरटे मोजले नाही, रानात ऊन खाल्ले नाही, पाटावर बसून अर्थ सांगितला नाही. देवळात मागे खांबाआड बसून ऐकले, इतकेच केले. सबब ती जागा कोरी ठेविली असे.